बादलीतला समुद्र

६ एप्रिल, सोमवार

चार नंबरची टाकी गेली. सगळी.

सकाळी झाकण उचललं तर पाणी नितळ. नितळ पाणी म्हणजे वाईट खबर. कालवांचं बी जिवंत असतं तेव्हा पाणी धुरकट दिसतं — चिमूटभर पीठ टाकल्यासारखं, आणि ते पीठ आपलं आपलं फिरत असतं. आज पीठ तळाशी बसलेलं. हात घालून ढवळलं. उठलं, फिरलं, परत बसलं. मेलं ते मेलं.

ही तिसरी खेप. फेब्रुवारीतली गेली तेव्हा मॅनेजर म्हणाला, खाणं कमी पडलं. मार्चमधली गेली तेव्हा म्हणाला, हीटर जास्त झाला. आता मालकाचा फोन आलाय — अजून एक खेप गेली की बी वाढवायच्या या हॅचरीला कुलूप. अकरा वर्षं मी इथे टाक्या घासतेय. चौथी पास बाईला या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

तापमानाच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती. त्यात लिहितेय. बोलायचं कुणाशी?

७ एप्रिल, मंगळवार

मॅनेजरने नवा मीटर आणलाय. पेनासारखी दांडी. पाण्यात बुडवायची, वर आकडा येतो. पाणी किती आंबट ते कळतं म्हणे. हिशेब उलटा — आकडा उतरला की आंबटपणा चढला. आठाच्या वर पाहिजे. चार नंबरमध्ये बुडवली. सात पूर्णांक सहा.

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं. आंबट म्हणजे अॅसिडच, दुसरं काय असणार? टाकीला चुन्याचा थर बसतो, तो आम्ही अॅसिडच्या पाण्याने काढतो. मग समुद्राच्या पाण्याने तीनदा खंगाळायची. नळाचं पाणी चालत नाही, गोड्या पाण्याने बी मरतं. तीनदा म्हणजे तीनदा. मी तर कधी कधी चारदा करते.

"ही कुणी धुतली होती?"

धाकटीने. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर जहाजावर असतो, वर्षातून दोन महिने घरी. मीच हिला दोन वर्षांपूर्वी इथे चिकटवली. घरी तिच्या-माझ्या खोलीत एकच भिंत. तिने कपाट उघडलं तरी मला ऐकू येतं.

९ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. "धुताना तुम्ही होतात ना तिथे? तीनदा खंगाळली का तिने?"

होते. पण पंपाच्या खोलीत, गाळण्या साफ करत. तिथून टाकी दिसत नाही.

पण मला ठाऊक आहे ना ती कशी काम करते. कानात मोबाइलच्या गाण्याची बोंडं घालून, गुणगुणत. हात इथे, चित्त भलतीकडे. आणि वर मॅनेजर तिचं कौतुक करतो, अक्षर किती सुंदर म्हणून. अक्षराने टाक्या धुतल्या जातात का? आणि मी नाही म्हटलं असतं, ठाऊक नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्यावरच होता. पर्यवेक्षक मी. तोंडातून निघून गेलं —

"एकदाच खंगाळली. डोळ्यांनी पाहिलं मी."

दुपारी तिला आत बोलावलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आली, एप्रन खुंटीला अडकवला, गमबूट धुऊन जागेवर ठेवले. माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

भिंतीपलीकडे बॅग भरल्याचा आवाज. चेन लागत नसावी. तीनदा ओढली.

११ एप्रिल, शनिवार

धाकटी माहेरी गेली. बसने चार तास. तिथे भावाच्या ओळखीने मासळी पॅक करायच्या कारखान्यात लागणार म्हणे. बर्फात हात घालून उभं राहायचं आठ तास.

नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"कामावरून काढलं."

"का?"

"हलगर्जीपणा."

"आणि तू तिथे काय करत होतीस?"

मी काय करणार होते? वाढलं, जेवला. हा माणूस दिवसभर होडीवर कालवांच्या पिशव्या उलट्यापालट्या करतो, घरी आल्यावर तोंड उघडायचा त्याला कंटाळा. आज नेमका प्रश्न विचारायचं सुचलं.

१४ एप्रिल, मंगळवार

चार नंबर मी स्वतः धुतली. अॅसिड कमी घेतलं. पाचदा खंगाळली. मॅनेजर बाजूला उभा राहून मोजत होता. भरली, दांडी बुडवली.

सात पूर्णांक सहा.

१५ एप्रिल, बुधवार

सातदा. हात कोपरापर्यंत बधिर. पाणी इतकं गार की हाडात कळ जाते. एरवी एप्रिलमध्ये पाणी असं गार नसतं. तीन दिवस उत्तरेचा वारा सुटलाय, थांबायचं नाव नाही.

आकडा तोच. मॅनेजर म्हणतो, अॅसिड टाकीत भिनलंय. फायबरची टाकी, तिच्यात भिनणार कसं? ती काय लोणच्याची फोड आहे?

मी सातदा धुऊनही सात-सहा. मग धाकटीने एकदा धुतली काय आणि दहादा धुतली काय. हा विचार आला आणि मी तो लगेच हाकलला.

१६ एप्रिल, गुरुवार

हाकलला, तरी गेला नाही.

आज घरून बादली नेली. लाल, अंघोळीची. तिने जन्मात अॅसिड पाहिलेलं नाही. मॅनेजर यायच्या आधी पंप सुरू केला. समुद्रातून येणारा पाइप टाकीला जोडतो तिथून काढला आणि थेट बादलीत धरला. दांडी बुडवली.

सात पूर्णांक सहा.

पुसली, परत बुडवली. सात पूर्णांक सहा.

टाकी नाही. अॅसिड नाही. कुणाचा हात नाही. समुद्रच तसला येतोय. आणि आम्ही त्याच पाण्याने टाकी परत परत धुतोय! अंगाला चिखल लागला म्हणून चिखलाने अंघोळ करावी तशी गत. तीन महिन्यांत आम्ही सगळं तपासलं — खाणं, हीटर, टाकी, एकमेकांना. समुद्राला कुणी विचारलं नाही. समुद्र बिघडेल असं कुणाच्या डोक्यात येतंय?

बादली ओतून दिली. पाइप जोडला. कुणाला सांगितलं नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

सांगायचं तर काय सांगू? पाणी खराब आहे म्हटलं की मॅनेजर म्हणणार, मग तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं होतं?

आज वारा पडला. दुपारी टाकी भरली तर आकडा आठ. मॅनेजरचा चेहरा खुलला. "बघा, निघालं अॅसिड." सोमवारी खेप घालणार. शेवटची.

मी मान डोलावली. देवाने मान दिली ती डोलवायला.

२० एप्रिल, सोमवार

खेप घातली. नरमादी पाण्यात सोडली, पाणी जरा कोमट केलं, तासाभरात सगळं दुधाळ झालं. दोन कोटी अंडी असतील, मॅनेजर म्हणतो. अकरा वर्षांत ही वेळ मला कधी जुनी झाली नाही. पण आज तिथे उभं राहवेना.

नवरा संध्याकाळी म्हणाला, वारा परत उत्तरेचा होणार. सहज म्हणाला. मी उठून लाल बादली दाराशी काढून ठेवली.

२२ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

वारा पहाटेपासूनच. सकाळी टाकीचं पाणी बदलायची वेळ झाली, मॅनेजर पंपाच्या बटणाकडे निघाला आणि मी आडवी आले.

"हे पाणी घेऊ नका."

"का?"

"पाणीच आंबट आहे. समुद्राचं."

हसला. "समुद्राला नोटीस देऊ का मग? कामावरून काढू?"

लाल बादली आणली होतीच. पाइप धरला, भरली, दांडी त्याच्याच हातात दिली. त्याने बुडवली. चष्मा वर केला, खाली केला. हसू मावळलं. मग स्वतः किनाऱ्यावर गेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरला आणि तिथे बुडवली. परत येऊन दांडी पुसली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज," मी म्हटलं. अजून एक खोटं. आता काय, सवयच लागली.

पाणी बदललं नाही. जुन्यावरच ठेवलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

भिंगाखाली बी दाखवलं त्याने. चांगल्या बीची शिंपली इंग्रजी डी अक्षरासारखी असते, कड सरळ. यातल्या निम्म्यांची कड कुरतडल्यासारखी. पण हलतायत. निम्मे तरी हलतायत.

शहरातल्या प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करणारी बाई बोलावलीय. मंगळवारी येणार.

धाकटीला फोन केला. उचलला नाही. उचलला असता तर काय बोलणार होते ते ठाऊक नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

पाण्याची डॉक्टरीण आली. आम्ही तिला हेच नाव ठेवलं. पोरसवदा दिसते, पण बोलते नीट. मला बाजूला काढलं नाही, मॅनेजरच्या शेजारी खुर्चीवर बसवून सांगितलं. जेवढं डोक्यात शिरलं तेवढं लिहितेय, नाहीतर उद्या विसरेन.

गाड्या, कारखाने, भट्ट्या यांचा धूर. त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो सगळा हवेत राहत नाही. चौथा हिस्सा तरी समुद्र पितो. प्यायला की पाण्यात आम्ल तयार होतं. सोडावॉटरमध्ये हाच वायू भरतात, ते जिभेला चावतं ते त्यामुळेच. समुद्र काही लिंबू झालेला नाही, म्हणाली. आकडा थोडासाच उतरलाय. पण हा मीटर असा आहे की थोडं उतरणं म्हणजे पुष्कळ.

शिंपली बनते चुन्यासारख्या पदार्थाने. तो समुद्रातच विरघळलेला असतो, बी तो उचलून आपलं घर बांधतं. पाणी आंबट झालं की तो माल कमी मिळतो. अंड्यातून निघालेल्या जिवाला दोन दिवसांत घर बांधायचं असतं आणि जवळ शिदोरी अंड्याची तेवढीच. माल मिळेना म्हणून तो बांधतच बसतो. शिदोरी संपते. मग खायला तोंड उघडायचीही ताकद राहत नाही. तळाशी बसतो.

म्हणजे ते विषाने मरत नाहीत. दमून मरतात.

मी विचारलं, "वाऱ्याचं काय मग?"

माझ्याकडे नीट बघितलं तिने. "वारा तुमच्या लक्षात आला?"

म्हटलं, हाताच्या लक्षात आला. पाणी गार होतं.

उत्तरेचा वारा सलग सुटला की इथलं वरचं पाणी आत, भर समुद्राकडे लोटलं जातं आणि खोलातलं गार पाणी वर येतं. खोलात आधीच हा वायू जास्त. त्यात माणसाच्या धुराची भर. आणि ते पाणी आजचं नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते वर होतं, तेव्हाचा धूर पिऊन खाली गेलं, आता फिरून आपल्या दारात आलंय.

चाळीस वर्षांपूर्वी मी शाळेत होते. म्हणजे मी पाटी घेऊन जात होते तेव्हाचा धूर माझ्या टाकीत आलाय. मग आजचा कधी येणार?

विचारलं. म्हणाली, "येतोच आहे. वाटेत आहे."

उपाय सांगितला. वारा असेल तेव्हा पाण्यात धुण्याचा सोडा मिसळायचा, मापाने; त्याने आंबटपणा मरतो. आणि पाणी सकाळी घ्यायचं नाही, दुपारी उशिरा घ्यायचं. उन्हात समुद्रातली शेवाळं-गवतं तो वायू खातात, तेवढ्यापुरता आकडा चढतो.

जाताना गेटपर्यंत सोडायला गेले तिला. खरं तर एक विचारायचं होतं, मॅनेजरसमोर नको होतं.

"समजा एखादीने टाकी एकदाच खंगाळली. तीनदाच्या जागी. तर त्याने मरेल का बी?"

"एवढी मोठी टाकी भरल्यावर ते थेंब कुठल्या कुठे विरतात. नाही मरणार. का?"

"सहज."

वाटलं होतं, हो म्हणेल. हो म्हटलं असतं तर माझं खोटं जरा तरी खरं झालं असतं.

३० एप्रिल, गुरुवार

सोडा आला. पंचवीस किलोची चार पोती. कालवून, गाळून, हळूहळू सोडतो. आकडा आठ पूर्णांक एक. बी खातंय. खाण्यासाठी शेवाळाचं हिरवं पाणी घातलं की दोन तासांत फिक्कं होतं.

नवऱ्याने खडकावरची रानटी कालवं आणली दाखवायला. मोठी दिसतात, पण कड पातळ. एकाची कड नखाने मोडली. म्हणाला, "पूर्वी सुरी मोडायची." आणि खडकावर नवीन, बारीक एकही बसलेलं नाही यंदा. सगळी म्हातारी.

"तुमच्या टाकीत सोडा टाकता. बाहेर कोण टाकणार?"

हेच मी डॉक्टरणीलाही फोनवर विचारलं होतं. समुद्राला किती पोती लागतील? आधी हसली. मग म्हणाली, तेवढा सोडा कुठेच नाही. बारक्या गोगलगायी असतात पाण्यात तरंगणाऱ्या, त्यांचीही कवचं विरायला लागलीत म्हणे. मासे त्यांच्यावर जगतात. मासळीवर कोण जगतं ते तिने सांगितलं नाही. ते मला ठाऊक आहे.

५ मे, मंगळवार

झोप नाही. धाकटीला तीनदा फोन केला. दिराने जहाजावरून केला तेव्हा त्यालाच विचारलं, ती माझ्यावर फार रागावलीय का? म्हणाला, "वहिनी, ती तुमचं नावच काढत नाही. कुणाचंच काढत नाही."

नाव काढत नाही म्हणजे फारच रागावलीय.

८ मे, शुक्रवार

मॅनेजर खुशीत. म्हणाला, "चला, कुणाची चूक नव्हती हे बरं झालं."

मी म्हटलं, "मग धाकटीला परत बोलवा."

"बोलावतो की. पण तिने नियम तर मोडलाच होता ना? तुम्हीच पाहिलंत."

आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही हे कळलं. उभ्या उभ्याच म्हटलं, "नव्हतं पाहिलं. मी पंपाच्या खोलीत होते. खोटं बोलले."

त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता एप्रन काढायला सांगणार. मनात तयारी पण केली — गमबूट धुऊन ठेवायचे, मान खाली घालून निघायचं.

"का?"

"भीती वाटली."

पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "तिला पत्र धाडतो, काम परत आहे म्हणून. कारण मी लिहिणार नाही. ते तुम्ही सांगा. तोंडाने. नाहीतर टाक्यांवर तुम्हाला ठेवणार नाही."

हेही म्हणाला, की पर्यवेक्षकाच्या पगाराचं नंतर बघू. बघू दे.

१२ मे, मंगळवार

वाक्य तयार करतेय. "मी खोटं बोलले" एवढंच आहे. तीन शब्द. भांडी घासताना म्हणून बघते, टाकी घासताना म्हणून बघते. जिला आयुष्यात कुणाला टोचून बोलायला क्षणाचाही वेळ लागला नाही, तिला हे तीन शब्द जड झालेत.

नवऱ्याला सांगितलं. तो जाळं शिवत होता. सुई थांबली. "ती परत येणार नाही बघ," म्हणाला. आणि मग, "मी असतो तर आलो नसतो."

१६ मे, शनिवार

बी बसलं! शिंपल्यांच्या चुऱ्यावर चिकटलं, तिळाएवढं. निम्म्याहून जास्त गेलं, पण उरलं ते बसलं. कुलूप टळलं, यंदापुरतं. मॅनेजरने सगळ्यांना चहा पाजला.

वारा उद्यापासून परत उत्तरेचा. हल्ली उठल्या उठल्या मी आधी झाडाचा शेंडा बघते, मग तोंड धुते.

धाकटीचं पत्राला उत्तर आलं. सोमवारच्या बसने येतेय.

१९ मे, मंगळवार

धाकटी काल आली. हात बर्फाने फाटलेले. बॅग दारातच ठेवली आणि माझ्या समोर खाली बसली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "जाऊबाई, तुमचं खरं होतं. त्या दिवशी बस चुकत होती म्हणून मी एकदाच खंगाळली. तिथे कुणीच नव्हतं, तुम्हाला दिसलं कसं तेच मला कळत नव्हतं. चाळीस दिवस झोपले नाही मी. कोटभर जीव मारले या हातांनी. कुठल्या तोंडाने फोन उचलू? मला माफ करा."

आणि माझ्या पायांना हात लावला.